दोन बोटं कापड

तिने कोट उलटा केला आणि बगलेपासून कमरेपर्यंतच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. जिथे अडखळायला हवा होता तिथे अंगठा सरळ घसरत गेला. तिने पुन्हा फिरवून पाहिला, मग कोट खिडकीच्या उजेडात नेला. काल दुपारी तिने आत राखून ठेवलेलं दोन बोटं कापड कुणीतरी कापून टाकलं होतं. धागे सुटू नयेत म्हणून कापलेल्या कडेवर ओव्हरलॉकची शिलाई मारून काही घडलंच नाही असा आवही आणला होता.

टीप तिचीच होती. शेवटची गाठही तिचीच, वडिलांनी शिकवलेली, दोनदा मागे घेऊन मारलेली. कोटाला टाचलेल्या चिठ्ठीवर नंबर सतरा, म्हणजे तोही तिचाच. फक्त कापड गेलं होतं.

खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. तिची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची आणि चारला सुटायची. बाकीच्या पाचजणी आठला येत आणि पाचला जात. म्हणजे चार ते पाच हा एक तास रोज तिच्या पाठीमागे उरायचा. तयार कोट चारनंतर इस्त्री होऊन पाचला ढकलगाडीवरून खाली जात, त्यामुळे ते पुन्हा तिच्या नजरेला पडत नसत. काल गाडी भरली म्हणून हा एक मागे राहिला होता. इतके दिवस त्या एका तासाकडे आपलं लक्ष कसं गेलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. एरवी तिच्या तावडीतून काही सुटत नसे.

दुसऱ्या मजल्यावरची ती एक लांबट खोली होती. सहा शिलाई मशीन, एक मोठी वाफेची इस्त्री आणि भिंतीलगत चाकांचे दांडे, त्यांवर कोटच कोट. हॉटेलांत, बँकांत, मोठमोठ्या इमारतींच्या दारांवर काम करणारी माणसं जे कोट घालतात ते इथे येत. एकाने नोकरी सोडली की त्याचा कोट दुसऱ्याच्या अंगावर चढे. जाणारा धिप्पाड आणि येणारा काडीपैलवान असला की कोट आत घ्यायचा. उलट असेल तर सरळ मोठा कोट द्यायचा. उसवून मोठा करत बसायची इथे पद्धत नव्हती.

कोट आत घेतला की आत कापड उरतं. ते कापून कडेला ओव्हरलॉक मारायचा, हे पहिल्या दिवशी मुकादमिणीने एका कोटावर करून दाखवलं होतं. तिने मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, या बाईला शिवणातलं काही कळत नाही.

कारण तिच्या वडिलांनी बाजारातल्या दुकानात चाळीस वर्षं मशीन चालवली होती, आणि उरलेल्या कापडाला कधी कात्री लावली नव्हती. ते आत दुमडायचं, बारीक टाक्याने धरून ठेवायचं. शिंपी त्याला माया म्हणतात. आज बारीक असलेलं गिऱ्हाईक लग्न झालं की सुटणारच, असं वडील म्हणत. माया न ठेवणारा त्यांच्या मते शिंपी नव्हताच, नुसता कात्रीवाला होता. तेव्हा तिने इथेही ती न सांगता ठेवायला सुरुवात केली. जास्तीचं काम होतं, पण आपलं काम या लोकांच्या कामापेक्षा सरस आहे हे कधीतरी कुणाच्या लक्षात येईल असं तिला वाटत होतं.

ते असं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं तर.

संशयाला फार लांब जावं लागलं नाही. तिच्या डाव्या हाताला, सोळा नंबरच्या मशीनवर घार बसायची. हे नाव तिनेच ठेवलेलं, आणि तिच्याशिवाय ते फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. बाकदार नाक, चष्म्यावरून रोखलेले डोळे आणि उंच स्टुलावर अशी बैठक, की खोलीत सुई पडली तरी हिला दिसावी. वय साठीच्या आसपास. गुडघे दुखायचे म्हणून जागची फारशी हलत नसे. अठरा वर्षं त्याच स्टुलावर काढली होती म्हणे.

पहिल्याच आठवड्यात घारीने तिच्या मांडीवरचा कोट ओढून घेतला होता, उलटा केला होता आणि ती आतल्या कापडाला कात्री लावायला निघाली होती. भाषा तेव्हा कळत नव्हती, पण कात्री कळली. तिने कोट हिसकावून घेतला आणि आपल्याच भाषेत सुनावलं होतं,

"माझ्या कामाला हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

घारीने कात्री मिटली, खांदे उडवले आणि आपलं मशीन सुरू केलं. तेव्हापासून दोघींमध्ये येता-जाता मान हलवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. आता तीन महिने संपत आले होते, आणि इकडची भाषा तिला कामापुरती येऊ लागली होती. पण घारीशी बोलायला तिच्याकडे काही नव्हतं.

संध्याकाळी तिने घराच्या दाराला आतून कडी घातली, ती नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि नवरा तोंड धुऊन यायच्या आत सगळं सांगून टाकलं.

"अहो, ती माझ्या मुळावर उठलीय."

"कोण?"

"घार. दुसरं कोण?"

नवरा एका गोदामात खोकी लावायच्या कामाला होता. दिवसभर उचलाउचल करून आलेल्या माणसाला असल्या गोष्टी ऐकायचा उत्साह नसतो, तरी तो टॉवेल खांद्यावर टाकून समोर बसला.

"अगं, इथे माणसाला स्वतःचं काम उरकत नाही. ती तुझं कशाला करत बसेल?"

"करत नाही, बिघडवते. तिची भाची का कोण घरी बसलेली आहे. मला काढलं की जागा मोकळी."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डब्याच्या सुट्टीत रोज फोनवर बोलते कुणाशी तरी. हळू आवाजात."

"मोठ्याने बोललेलं अर्धं कळत नाही म्हणतेस, आणि हळू बोललेलं सगळं कळतं. फौजदारीणबाई, धन्य आहात."

फौजदारीण हे तिचं घरातलं नाव. ते तिने कष्टाने मिळवलं होतं. समोरच्या दारातली म्हातारी रोज हसून मान हलवायची, तर ही म्हातारी नेमकी आपल्याच वेळेला दार कशी उघडते याचा तिने आठवडाभर तपास केला होता. दुकानातली पोरगी पिशवीत एक सफरचंद जास्त घालते म्हणून तिने ते घरी येऊन कापून, वास घेऊन पाहिलं होतं. नवरा हसायचा, पण मनातून त्याला कारण माहीत होतं. दीड वर्षापूर्वी इथे उतरल्या उतरल्या एका गोडबोल्या माणसाने त्यांना खोली मिळवून दिली होती. पाठीवरून हात फिरवत त्याने चाव्या दिल्या, आणि त्या चाव्या त्या इमारतीतल्या एकाही दाराला लागल्या नाहीत. ती रात्र दोघांनी बसथांब्यावर सामानावर बसून काढली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ती पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती.

आणि या वेळी जे पोळणार होतं ते नुसतं तोंड नव्हतं. लेक आठ वर्षांची, सासूबाईंजवळ राहिलेली. नवऱ्याचं काम कंत्राटी, त्याच्या कागदावर लेकीला आणता येत नव्हतं. तिचे तीन महिने बिनतक्रार पार पडले की कायम केल्याचं पत्र मिळणार होतं, आणि ते जोडल्याशिवाय लेकीचा अर्ज कुणी हातात धरायला तयार नव्हतं. पोरीचं येणं असं सतरा नंबरच्या मशीनवर टांगलेलं होतं.

मागच्या रविवारी सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, तो निळा फ्रॉक तिसऱ्यांदा उसवून मोठा केला. आता आत काही उरलं नाही. पोरगी वाढतेय, ती काय कुणासाठी थांबते?"

फ्रॉक तिनेच निघायच्या आधी शिवला होता, चांगली चार बोटं माया ठेवून. दोन वर्षं सहज जातील असा तिचा अंदाज होता. फोन ठेवल्यावर ती मोरीत नळ सोडून उभी राहिली होती, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने सापळा लावला. तीन कोटांच्या आत राखलेल्या कापडात निळ्या दोऱ्याने बारीक धावदोरा घातला. उघडून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असा. मग ते तिन्ही कोट दांड्याच्या अगदी मागच्या टोकाला अडकवले, म्हणजे गाडीवाल्याच्या हाताला लागू नयेत. चार वाजता नेहमीसारखी मान हलवून ती निघाली. घारीनेही मान हलवली.

सकाळी सातला ती धापा टाकत जिना चढली. तिन्ही कोट जागेवर होते, तिन्ही आतून साफ कापलेले. घारीच्या मशीनच्या पायाला चिंध्यांची एक कापडी पिशवी लटकवलेली असे. तिने त्यात हात घातला, आणि चिंध्यांमधून निळ्या दोऱ्याच्या पट्ट्या निघाल्या. तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपलं वाईटातलं वाईट अनुमान खरं ठरलं की माणसाला एक आनंद होतो. पोटातून गरम वाटतं. नवऱ्याला हे कधी एकदा सांगते असं तिला झालं.

तक्रार कशी करायची ते तिने आदल्या रात्रीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. त्याची भाषा तिच्याहून बरी होती. मुकादमीण आली तशी ती पट्ट्या घेऊन तिच्या टेबलापुढे उभी राहिली आणि सोळा नंबरकडे बोट दाखवून न अडखळता म्हणाली,

"माझ्या कोटांना ती हात लावते. रोज, मी गेल्यावर."

मुकादमीण म्हणजे शिस्तीची बाई. तिच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असत. या खोलीत एकच नियम सगळ्यात वर होता: ज्याची चिठ्ठी, त्याचाच हात. एकीच्या कोटाला दुसरीने हात लावला की चूक कुणाची ते कळत नाही, आणि चूक कुणाची हे न कळण्याइतकं वाईट मुकादमिणीच्या लेखी दुसरं काही नव्हतं. तिने घारीला बोलावलं.

"या तुझ्या पिशवीतल्या?"

"हो."

"सतराच्या कोटांना हात लावलास?"

"लावला."

"कशासाठी?"

घारीने तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं चष्म्यावरून नाही, सरळ चष्म्यातून. क्षणभर वाटलं ती काहीतरी लांबलचक बोलणार.

"सवय," घार म्हणाली.

मुकादमिणीला एवढं पुरलं. सोमवारपासून घारीला खाली पाठवण्यात आलं, खोकी भरायच्या खात्यात. तिथे स्टूल नव्हतं, आठ तास उभ्यानं काम. घारीने स्टुलावरची उशी, चष्म्याचं घर आणि कात्री उचलली आणि कठडा धरून ती जिना उतरू लागली. एक पाय खाली, दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची पायरी. बाकीच्या चौघी मशीन थांबवून बघत होत्या. तिने आपलं मशीन थांबवलं नाही. करावं तसं भरावं, असं ती मनात म्हणाली, आणि मग आणखी दोनदा म्हणाली.

"झालं समाधान?" नवऱ्याने घरी विचारलं.

"झालं."

त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

बुधवारी तिच्या टेबलावर दोन कोट परत आले. गुरुवारी पाच. प्रत्येकाला लाल चिठ्ठी. इस्त्री होऊन कोट खाली गेला की तिथला तपासनीस तो उजेडात धरून बघतो, आणि नापास असेल तर लाल चिठ्ठी लावून वर पाठवतो, हे तिला ऐकून माहीत होतं. बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती. तिने टिपा तपासल्या. एकही टाका चुकलेला नव्हता. पण कोट सुलटा धरला की बगलेखाली एक उभा वळ दिसत होता, पाठीवर छडी बसल्यासारखा.

वळ कशाचा हे शोधायला तिला वेळ लागला नाही, कारण उत्तर तयारच होतं. तपासनीस खाली. खोकी भरायचं खातंही खाली. आणि खाली कोण गेलं होतं?

"जाताना जाताना डूख धरून गेली," ती नवऱ्याला म्हणाली. "तिथे बसून माझे कोट खराब करतेय."

या वेळी नवऱ्याने फौजदारीणबाई म्हटलं नाही. तो नुसता म्हणाला,

"उद्या शुक्रवार ना? तीन महिने उद्या भरतात ना?"

शुक्रवारी सकाळी मुकादमिणीने तिला बोलावून एक कागद पुढे केला. त्याच्या तळाशी सह्यांच्या दोन रेघा होत्या.

"एक माझी. एक तुझ्या शेजारी जुनी कामगार कोण होती तिची. ती आधी घेऊन ये."

"ती तर खाली..."

"खाली असली तरी तिला लिहिता येतं." मुकादमिणीने लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा कागदाशेजारी ठेवला. "तीन महिने तुझा एक नग परत आला नाही. अशी मुलगी मी पाहिली नव्हती. आणि आता दोन दिवसांत सात. तीन महिन्यांचं काम मी दोन दिवसांवरून पुसणार नाही, पण काय झालं ते मला सांगावं लागेल. सही घेऊन ये, मग बोलू."

डब्याच्या सुट्टीत ती परत आलेला एक कोट हातावर टाकून जिना उतरली. कागद घडी करून खिशात होता. सही मिळणार नाही याची तिला खात्री होती. आपण त्या बाईच्या जागी असतो तर दिली नसती. पण निदान तोंडावर विचारायचं, असं तिने ठरवलं होतं.

घार एका उंच टेबलाशी उभी होती. एक हात टेबलाला, एका हाताने कोट खोक्यात. उशी तिने पायाखाली घातली होती.

"हे तुम्ही केलं," तिने कोट पुढे टाकला.

घारीने तो उचलला. वळावरून अंगठा फिरवला, मग कोट उलटा करून आत दुमडलेलं दोन बोटं कापड तिच्यासमोर धरलं. पुन्हा सुलटा केला आणि तिचा हात पकडून तिचाच अंगठा वळावर ठेवला. वर वळ, खाली कापड. बरोबर तिथेच, तेवढाच लांब.

"इस्त्री जड आहे," घार सावकाश म्हणाली, तिला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. "आत जाड असलं की बाहेर उमटतं."

तिने अंगठा काढला नाही. इतकी वर्षं शिवण केलेल्या बाईला हे आधी कळायला हवं होतं. पण वडिलांच्या दुकानात कोळशाची इस्त्री होती, आणि तिच्या खालून असलं काही कधी उमटलं नव्हतं.

"सांगितलं का नाही मला?"

"आले होते सांगायला. तू कोट हिसकावलास."

"मग वर सांगायचं."

"वर सांगितलं असतं तर तू दुसऱ्या आठवड्यात घरी गेली असतीस."

खोकी भरणाऱ्या बाकीच्या बायका खायला गेल्या होत्या. घारीने कोटाची घडी घातली.

"तुम्हाला काय मिळालं यातून?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तिला खरोखरच ते समजत नव्हतं. कुणी कुणासाठी तीन महिने रोज एक तास उगाच काम करतं, हे तिच्या कुठल्याच खणात बसत नव्हतं.

घारीला प्रश्न रास्त वाटला असावा, कारण तिने विचार केला.

"तुझ्याआधी त्या मशीनवर चौघी आल्या. काही ना काही चुकायचंच प्रत्येकीचं. चारही वेळा मी वर सांगितलं. चौघी गेल्या." तिने पायाखालची उशी सरकवली. "पाचव्यांदा सांगायचा कंटाळा आला. आण."

"काय?"

"आज शुक्रवार आहे. कागद आण."

तिने खिशातून कागद काढला. घारीने टेबलावर ठेवून सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली,

"मुकादमीण विचारेल. सांग, सुई वाकडी झाली होती, बदलली. ती ऐकेल. आजपासून कापत जा. बाकी काही बोलायचं नाही."

"पण तुमचं..."

"माझं काय? दोन वर्षं राहिली माझी. उभ्याने जातील."

ती जिना चढून वर आली तेव्हा मुकादमीण शिक्क्याची डबी उघडून बसली होती. कागदावरची सही तिने पाहिली आणि मान हलवली.

"आता सांग. काय झालं?"

सुई वाकडी होती. तीनच शब्द, तेही येत होते. तिने तोंड उघडलं. लेकीचा चेहरा समोर आला, तो येणारच होता. उसवून उसवून संपलेला फ्रॉक आला. आणि तो तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं, पण त्याच्या मागून कठड्यावरचा तो हात आला, एक पाय खाली, दुसरा त्याच पायरीवर. तिला स्वतःचाच राग आला. घारीचाही आला. सही दिली नसती तर सगळं किती सोपं झालं असतं.

"सुई चांगली आहे," ती म्हणाली. पुढचं वाक्य कुणी घोकून दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते तुटकतुटक आलं. "तीन महिने... कोट मी नीट केले नाहीत. आत कापड ठेवलं. ती कापायची. मी गेल्यावर. म्हणून परत आले नाहीत."

मुकादमिणीने शिक्क्याची डबी मिटली. कागद फाडला नाही, खणात ठेवला.

"सोमवारी ती वर येईल," ती म्हणाली. "आणि तुझे तीन महिने सोमवारपासून."

उरलेली दुपार ती सात कोटांच्या आतलं कापड कापत बसली. कात्री सहज चालत होती. एकाही कोटाला तिला पाच मिनिटांवर लागली नाहीत.

चार वाजता ती जिन्यावरून उतरली, तर घार खालच्या दाराशी उभी होती. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"मूर्ख आहेस," घार म्हणाली.

"हो," ती म्हणाली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. बूट काढायचे राहिले होते, तसाच भिंतीला टेकून खाली बसून राहिला. त्याला रागवायचं होतं हे तिला दिसत होतं, आणि रागवण्याजोगी जागा त्याला सापडत नव्हती हेही दिसत होतं.

"म्हणजे फौजदारीणबाईंनी शेवटी आरोपी पकडला," तो म्हणाला. हसला मात्र नाही. मग उठून त्याने तिच्यासाठी पाणी आणलं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंना आजची तारीख पाठ होती.

"काय गं, मिळालं का पत्र?"

"नाही आई. अजून तीन महिने लागतील."

पलीकडे सासूबाईंनी कुणाला तरी हळूच सांगितलेलं ऐकू आलं, तीन महिने म्हणतेय. मागे काहीतरी सरकल्याचा, कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, अगदी फोनजवळ.

"कुणी आडवं आलं का?" सासूबाईंनी विचारलं. "ती शेजारच्या मशीनवरची ना? तूच म्हणाली होतीस, तिची नजर चांगली नाही."

"नाही आई. कुणी आडवं नाही आलं."

"तू सांगणार नाहीस. परक्या मुलखातली माणसं, दाखवतात एक आणि करतात एक."

"तसं नाही आई. खरंच नाही." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिला द्या ना जरा."

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज दबला, मग सुटला.

"ती ना," सासूबाई म्हणाल्या, "ती बाहेर खेळतेय गं. मघाशीच गेली."

नवरा तिच्याकडे बघत होता. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "खेळू द्या तिला."